प्लॅस्टर बसेपर्यंत

मालकांना विश्रांतीचा साक्षात्कार झाला आणि टेबलावरच्या तिघांची झोप उडाली.

तसे मालक वाईट नव्हते. वाईट माणसापासून सावध तरी राहता येतं. हे पडले भल्या मनाचे, आणि भल्या मनाच्या माणसाला एकदा का दुसऱ्याचं कल्याण करायची उबळ आली, की मग कुणाची धडगत नसते.

जागा कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून पेशंटच्या तोंडाची मापं यायची आणि इथून दात होऊन परत जायची. मालक तिला 'आपलं युनिट' म्हणत, काम करणारे नुसतं 'टेबल' म्हणत. कारण तिथे होतं काय, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच लांबलचक टेबल. एका टोकाला प्लॅस्टरकाका. ते मापात प्लॅस्टर ओतून जबडा काढत. दुसऱ्या टोकाला पॉलिशच्या मशीनवर घाशा, चाळिशीचा, तोंडाने मशीनपेक्षा जोरात चालणारा. आणि मधोमध मेणबाई. त्या जबड्यावर मेणात एकेक दात बसवायचा, कुणाचा जरा तिरका, कुणाचा जरा आत, म्हणजे माणूस हसला की कवळी हसल्यासारखं वाटू नये. बावीस वर्षं तिने हेच केलं होतं. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं.

या टेबलाचा एक रिवाज होता. काकांनी प्लॅस्टर ओतलं, की ते मोठ्याने म्हणायचे, "बसू द्या!" त्याक्षणी घाशाचं मशीन बंद, मेणबाईचा बर्नर बंद. कारण प्लॅस्टर घट्ट होत असताना टेबल हललं तर जबडा वाकडा येतो, आणि टेबल तर एकच. मग अर्धा तास कुणी काही करायचं नाही. दिवसातून तीनदा. मालक असोत की त्यांचे तीर्थरूप, प्लॅस्टर कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

त्या अर्ध्या तासात काका खिडकीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघत. घाशा हाताची उशी करून घोरे. मेणबाई जबड्याच्या कडेला अलगद तळवा टेकवून बसे. आधी जबडा गार लागायचा. थोड्या वेळाने वरची चमक जायची. तेवढ्यात काका खिळ्याने कडेवर पेशंटचं नाव कोरायचे, कारण त्याआधी कोरलं तर पसरतं आणि नंतर उमटत नाही. मग जबडा आपोआप तापायचा, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणाइतका. आणि हळूहळू निवायचा. निवला की काम सुरू. मधल्या वेळात मेणबाई काय विचार करायची? काही नाही. डोंबलाचा विचार! तोच तर त्यातला फायदा होता.

आणि तो तिला हवाच होता. घरी तिची आई होती, विसरण्याच्या आजाराची. दिवसभर शेजारच्या वहिनी बघायच्या, पण संध्याकाळी मेणबाईने घरात पाऊल टाकलं की आई सुरू, "दार लावलंस का?" "लावलं, आई." दोन मिनिटांनी पुन्हा, "दार लावलंस का गं?" झोपेपर्यंत चाळीसदा, पन्नासदा. एक भाऊ होता, परगावी. तो दर रविवारी फोनवरून आईची काळजी घ्यायचा. "तिच्यावर चिडू नकोस हं ताई," असं सांगायचा आणि फोन ठेवून जेवायला बसायचा.

दोन वर्षांपूर्वी एकदा मेणबाई बसथांब्यावर उभी राहिली आणि तिने चार बस जाऊ दिल्या. आपली कोणती, हेच आठवेना. त्याच आठवड्यात हात थरथरायला लागले. मेणाचं काम करणाऱ्या बाईचे हात! डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि शेवटी विचारलं, "दिवसात असा थोडा वेळ आहे का, जेव्हा तुमच्याकडून कुणालाच काही नको असतं?"

ती म्हणाली, "प्लॅस्टर बसेपर्यंत."

डॉक्टरांना काय समजायचं ते समजलं. "मग तो वेळ जिवापाड जपा. तो गेला तर आधी हात जातील आणि पाठोपाठ डोकं."

तिने जपला. हातांची थरथर थांबली. सगळं ठीक चाललं होतं. पण ठीक चाललेलं बघवतं कुणाला?

मालक कुठल्याशा हॉटेलात तीन दिवसांच्या शिबिराला गेले. विषय होता कामगारांचं मनःस्वास्थ्य. तिथे यांनी तीन दिवस पोटभर जेवून, मऊ गादीवर लोळून, कामगार किती थकलेले असतात हे शिकून घेतलं, आणि येताना एका सल्लागार बाईंना घेऊन आले. बाई हसतमुख, आवाज मधाळ, आणि दर दोन वाक्यांनंतर म्हणायच्या, "एक खोल श्वास घेऊ या." पहिल्याच दिवशी घाशाने त्यांचं बारसं केलं, श्वासबाई.

श्वासबाईंनी टेबलाशी खुर्ची ओढली. "तुम्ही दिवसातून किती वेळ विश्रांती घेता?"

"प्लॅस्टर बसेपर्यंत," काका म्हणाले. "तीनदा."

"म्हणजे काय करता नेमकं?"

"काही नाही."

"ध्यान? संगीत? व्यायाम?"

"काही नाही हो बाई. बसतो."

श्वासबाईंनी मालकांकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने डॉक्टर फार उशिरा आणलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहतो. "बघितलंत? दिवसाचा दीड तास हे लोक नुसते बसतात. ही विश्रांती नव्हे, हा रिकामेपणा. विश्रांतीचं नियोजन करावं लागतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आठ दिवसांत पाच मिनिटांत दगड होणारं प्लॅस्टर आलं. जुनी पोती परत पाठवली. दीड तासाचा झाला पाव तास. वाचलेल्या सव्वा तासातली पंचवीस मिनिटं विश्रांतीसाठी, मालकांनी मोठ्या मनाने जाहीर केलं, आणि उरलेली पन्नास कामासाठी. "तुमच्यासाठीच आहे हे सगळं," असंही म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते, हे विशेष.

सामानाची खोली रिकामी करून तिथे विश्रांती कक्ष झाला. निळा दिवा, तीन मऊ खुर्च्या, भिंतीतून समुद्राच्या लाटांचा आवाज, दारावर पाटी: 'येथे शांत राहणे बंधनकारक आहे.' प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधला. हा म्हणे नाडी मोजतो, आणि कोण किती शांत झालं ते मालकांच्या फोनवर दाखवतो. चोवीस तास काढायचा नाही. जो पुरेसा शांत होणार नाही, त्याच्यासाठी शनिवारी जादा तास. आत जाताना एक फॉर्म, बाहेर येताना एक फॉर्म. त्यात एक प्रश्न होता, 'या क्षणी तुमचं मन कोणत्या रंगाचं आहे?'

घाशाने लिहिलं, 'आत निळा दिवा लावलाय, कसं कळणार?' त्याला शनिवारी बोलावलं.

मेणबाई त्या खुर्चीत बसायची आणि तिला घाम फुटायचा. दारापलीकडे काम पडलेलं, पन्नास मिनिटांचं जादा काम डोक्यावर, मनगटावर पट्टा, कानात लाटा, आणि समोर श्वासबाई सांगतायत, "आता कपाळ सैल सोडा... आता जबडा सैल सोडा..."

"जबडा सोडून आलोय टेबलावर," घाशा पुटपुटला, "तेवढ्यात दगड झाला असेल."

झालाच होता. पाच मिनिटांच्या त्या प्लॅस्टरची चमक जाते कधी आणि ते कडक होतं कधी, पत्ता लागत नसे, आणि नेमकं तेव्हा काका आत कपाळ सैल सोडत असायचे. नाव कोरणार कधी? मग मालकांनी उपाय काढला, चिकटणाऱ्या चिठ्ठ्या. काका म्हणाले, "साहेब, मेण वितळवायला जबडा उकळत्या पाण्यात जातो." मालक म्हणाले, "काका, तुम्ही फार नकारात्मक विचार करता." रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पंधराव्या दिवशी व्हायचं ते झालं. काकांनी उकळत्या पाण्याच्या भांड्याचं झाकण उचललं आणि पाण्यावर सात चिठ्ठ्या तरंगत होत्या. खाली सात जबडे, बिननावाचे. तयार झालेल्या सात कवळ्या टेबलावर मांडल्या आणि सगळे मेणबाईकडे बघायला लागले. बावीस वर्षांत हजारो तोंडं तिच्या हातांखालून गेली होती. एरवी तिने अंधारात बोट फिरवून ओळखलं असतं. पण त्या दिवशी डोक्यात नुसत्या लाटा वाजत होत्या. पाच बरोबर ओळखल्या. दोन कवळ्यांची अदलाबदल झाली.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ स्वतः लॅबमध्ये आले. तोंडापुढे रुमाल. मालक बाहेर गेले होते, म्हणून ते टेबलाशीच उभे राहिले. त्यांनी कागदात गुंडाळलेली कवळी ठेवली. "ही माझी नाही हो. बसतच नाही. काल नातीचं लग्न होतं. सगळ्या फोटोंत मी तोंडावर हात धरून उभा आहे." मग म्हणाले, "भांडायला नाही आलो. पण मला हसायचं होतं."

मेणबाईने कवळी उचलायला हात पुढे केला. बोटं थरथरत होती. तिने हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला. म्हातारेबुवा गेले तरी ती त्या कागदाकडे बघत राहिली. बावीस वर्षांतली पहिली चूक, आणि तीही माणसाच्या हसण्याची. लाजेने तिला मान वर करवेना. आधी हात, मग डोकं. डॉक्टर काय बोलले होते ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

मालकांना कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळहळले. "ताण!" म्हणाले. "बघा, किती ताण आहे तुमच्यावर." आणि विश्रांती पंचवीस मिनिटांची चाळीस केली. तेवढं काम संध्याकाळी थांबून भरून काढायचं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!

त्या संध्याकाळी निघताना काकांनी तिच्या हातात एक पिशवी दिली. "जुन्यातलं आहे. एका पोत्याच्या तळाशी राहिलेलं. मी ठेवून घेतलं होतं, का ते विचारू नका."

"मी काय करू याचं, काका?"

"ते मी कशाला सांगू? मी काय श्वासबाई आहे?"

घरी आल्याबरोबर आई दारातच. "दार लावलंस का?" लावलं. चहा टाकेपर्यंत सहादा लावलं. आता आपण ओरडणार, हे मेणबाईला कळलं. ओरडण्याऐवजी तिने पिशवी सोडली, एका जुन्या पातेल्यात पाणी घेतलं, प्लॅस्टर कालवलं आणि पातेलं ओट्यावर ठेवून त्याला तळवा टेकवला.

"काय करतेस गं?" आई म्हणाली.

"काही नाही. हात ठेव इथे. हलवायचा नाही बरं का."

आईने ठेवला. दोघी उभ्याच. पांढऱ्यावरची चमक गेली. आई बघत होती. मग तिचे डोळे मोठे झाले. "अगं, तापतंय! चूल कुठाय याची?"

"आतच आहे."

आई हसली. किती महिन्यांनी हसली असेल. आणि अर्धा तास, पातेलं निवेपर्यंत, तिने दाराचं नाव काढलं नाही. मेणबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने हात काढला नाही.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण मनगटावर तो मेला पट्टा होता.

सोमवारी विश्रांती कक्षात सभा भरली. श्वासबाईंनी भिंतीवर आलेख दाखवला. पंधरवडाभर मेणबाईची रेघ डोंगरासारखी वर, आणि फक्त एका संध्याकाळी, सात ते साडेसात, सपाट. तळ्यासारखी.

"आमच्या कार्यक्रमातली आजवरची सर्वांत खोल विश्रांती!" श्वासबाईंचा आवाज भरून आला. "त्या वेळी तुम्ही नेमकं काय करत होतात? सगळ्यांना सांगा."

घाशाने हळूच तिच्या पायाला पाय लावला. काकांनी मान हलवली, नको. पण मेणबाईला वाटलं, खरं सांगावं. आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. बावीस वर्षं मेणात काढलेली बाई, तिला वाटलं माणसंही ऊब लागली की वितळतात.

"जुनं प्लॅस्टर कालवलं आणि हात ठेवून बसले," ती म्हणाली. "साहेब, ही जी काय तुमची शांती आहे ना, ती आमच्याकडे होती. रोज तीनदा. तुम्ही ती पोत्यांसकट परत पाठवलीत. ती परत आणा. दुसरं काही नको. माझे हात चाललेत, साहेब. हे बघा."

आणि तिने दोन्ही हात निळ्या दिव्याखाली धरले. थरथर सगळ्यांना दिसली. मालकांनी डोळे पुसले.

"आणू," ते म्हणाले. "उद्याच आणू."

आणलं. खरोखर आणलं, शब्दाला पक्का माणूस. दुसऱ्या दिवशी जुन्या प्लॅस्टरचं एक पोतं आलं आणि गेलं कुठे, तर विश्रांती कक्षात. टेबलावर तेच पाच मिनिटांचं. कक्षात मात्र प्रत्येकाच्या खुर्चीपुढे एकेक काचेचा वाडगा, त्यात प्लॅस्टर, आणि दारावर नवी पाटी: 'उष्ण-स्पर्श विश्रांती.' वेळ दहा मिनिटं, कारण उरलेल्या तीस मिनिटांत श्वास आणि फॉर्म होतेच. श्वासबाई या उपक्रमाचं पुस्तक काढणार होत्या म्हणे.

मेणबाई खुर्चीत बसली. वाडग्याला तळवा टेकवला. भिंतीतून लाटा आल्या.

"आता ती ऊब अनुभवा," श्वासबाई म्हणाल्या. "ऊब तुमच्याशी बोलतेय. ती काय म्हणतेय?"

ऊब अजून आलीच नव्हती. यायला पंधरा मिनिटं लागतात, हे त्या पुस्तक काढणाऱ्या बाईला कोण सांगणार? आणि कितीदा सांगणार? मेणबाईने आपल्या हाताकडे पाहिलं. प्लॅस्टरवर टेकलेला असूनही तो थरथरत होता. तेव्हा तिला लख्ख कळलं, की या खोलीत काहीही आणलं तरी त्याचं हेच होणार. उद्या हिच्यासमोर आई आणून बसवली, तर तिलाही दहा मिनिटं देतील आणि फॉर्म भरून घेतील.

चमक गेली. ना ओलं, ना सुकं. मेणबाईने काकांकडे हात केला. काकांनी एक अक्षर न विचारता खिशातला खिळा दिला. तिने वाडग्यातल्या प्लॅस्टरवर कोरलं, 'एक महिन्याची नोटीस. मेणबाई.' बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या प्लॅस्टरवर तिचं स्वतःचं नाव उमटलं होतं. मग तिने पट्टा सोडून वाडग्याशेजारी ठेवला आणि टेबलावर जाऊन बर्नर पेटवला.

श्वासबाईंनी वाडगा उचलून वाचला. "किती मोकळेपणाने व्यक्त झाल्या!" त्या मालकांना म्हणाल्या. "हीच तर सुरुवात असते." मालकांनाही ते पटलं. त्यांनी तो वाडगा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा काचेच्या कपाटात ठेवला, आणि महिन्याने टेबलाची मधली जागा रिकामी दिसली तेव्हा सगळ्यांना विचारत फिरले, "अहो, पण मला कुणी सांगितलं का नाही?"

दातांच्या एक डॉक्टरीणबाई तिला कितीतरी वर्षं म्हणत होत्या, घरून काम करा, आम्ही मापं पाठवू. त्यांच्या पहिल्या चार मापांत एक त्या म्हातारेबुवांचं होतं. मेणबाईने ते मुद्दाम मागून घेतलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय जरा डुगडुगत होता, त्याखाली कागदाची घडी सारली. काका सुट्टीचा दिवस बघून सकाळीच आले. त्यांनी जुनं प्लॅस्टर ओतलं आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "बसू द्या!"

मेणबाईने बर्नर बंद केला. काका खिडकीकडे वळले. आई हळूहळू येऊन टेबलाशी उभी राहिली.

"दार लावलंस का गं?"

"लावलं, आई."

आईने जबड्याच्या कडेला तळवा टेकवला आणि लेकीकडे पाहिलं.

"मग उभी का? बस की आता."

मेणबाई बसली.